साधी गोळी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक गिऱ्हाईक फॉल लावून नेलेली साडी परत घेऊन आली. मला वाटलं, टाका कुठे ओढला गेला असेल. तिनं साडी उघडलीसुद्धा नाही, घडीच माझ्या नाकाशी धरली.

"ताई, काम एकदम मस्त झालंय. पण साडीला बामाचा वास येतोय. लक्ष्मीपूजनाला नेसले तर सासू विचारेल, बरं वाटत नाही का?"

मी हसले, माफी मागितली आणि साडी बाल्कनीतल्या दोरीवर दिवसभर वाऱ्याला टाकली. ती गेल्यावर स्वतःची बोटं हुंगून पाहिली. मग गाऊनची कॉलर, मग उशी. घरभर तोच वास होता आणि मला तो कधीपासून येईनासा झाला होता कोण जाणे.

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याकडे जाताना आमची इमारत लागते. दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी माझं मशीन आहे आणि बाहेर फॉल-बिडिंगची पाटी. फॉलची खालची कड मशीनवर मारता येते, वरची मात्र हातानंच घालावी लागते, नाहीतर टाका बाहेरून दिसतो आणि बायका लगेच नाक मुरडतात. म्हणजे मांडीवर साडी, साडीवर नजर आणि मान खाली. लग्नसराईत सकाळी खाली गेलेली मान जेवायच्या वेळीच वर यायची. वीसेक वर्षं हे असंच चाललंय आणि मानेनं कधी तक्रार केली नव्हती.

त्या दिवाळीआधीच्या उन्हाळ्यापासून मात्र डोकं रोज दुखायला लागलं. कधीमधी नाही, रोज. सकाळी मानेच्या मागे, केस संपतात तिथे सुरू व्हायचं, दुपारपर्यंत कानामागून वर चढायचं आणि संध्याकाळी कपाळाभोवती कुणीतरी नाडी आवळून बसलेलं असायचं. मान वळेना. कुणी हाक मारली की मी अख्खीच वळायचे. नवरा म्हणायचा, "कपाट सरकवल्यासारखी काय वळतेस?" तो कोलशेतच्या एका कंपनीत आहे, घरी आला की त्याला थट्टेशिवाय चहा उतरत नाही. "मान खाली घालायची ती बाईनं लग्नात एकदाच. तेव्हा घातली नाहीस, आता व्याजासकट घालतेयस." मीही हसायचे. हसलं की डोकं आणखी ठणकायचं.

आमच्याकडे बाई साडी घेऊन येते तेव्हा सल्ला दिल्याशिवाय जात नाही. माझ्या डोक्याचं कारण प्रत्येकीला ठाऊक होतं. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, "तुम्ही अंबाडा फार घट्ट बांधता हो. केसांची मुळं ताणली जातात." मी दोन दिवस वेणी घातली. एकीनं पित्त सांगितलं आणि धणे-जिऱ्याचं पाणी. एकीनं उशी काढून टाकायला लावली, तर दुसरी म्हणाली, उशी नाही म्हणूनच दुखतंय. चष्म्याचा नंबर वाढलाय, केस ओले ठेवतेस, पाळी जायचं वय आहे, मानेची गादी सरकलीय, मोबाईल बघतेस. मी मोबाईल बघते कधी, हे विचारायचं राहूनच गेलं. शेजारच्या गावातली आगरी मावशी मासे विकून परत जाताना पाणी प्यायला थांबते. ती दारातूनच ओरडली, "काय गो बाय, आज पन कपाल बांधून बसलीस?" तिनं माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि गॅसवर टाकल्या. ठसका काही उठला नाही. "बग, किती दृष्ट होती," असं म्हणून ती समाधानानं निघून गेली.

मी सगळ्यांचं ऐकलं, कारण ही सगळी कारणं मला आवडत होती. पित्त असेल तर बरंच. नंबर असेल तर आणखी बरं. मला भीती होती ती वेगळ्याच कारणाची, आणि ते कारण एकीच्याही तोंडून येऊ नये म्हणून मी त्यांना बोलत ठेवायचे.

माझी आई दिव्याला राहायची. कोकणातून आलेलं आमचं कुटुंब, तिथल्या एका चाळीत पहिल्या मजल्यावर. पाणी खाली यायचं, तेही त्याला वाटेल तेव्हा, आणि आई हंडे-कळशा वर आणायची. तिचं डोकं नेहमीच उठलेलं असायचं. पदर कपाळावरून घट्ट आवळून ती भाकऱ्या थापायची. मोहरीच्या डब्याशेजारी तिची एक स्टीलची डबी असे, तिच्यात गोळ्या. आमच्याकडे त्या गोळीला नाव नव्हतं. साधी गोळी, एवढंच. माझ्या परीक्षेच्या दिवशी डोकं दुखलं तर आई दातांनी तिचे दोन तुकडे करायची, मोठा तुकडा मला द्यायची आणि उरलेला स्वतः गिळायची. मला अजून त्या गोळीची कडवट चव म्हटलं की आई आठवते.

एका सकाळी ती पाणी भरून वर आली, मानेवर हात ठेवून म्हणाली, "मान आज लाकूड झालीय गं," आणि पिंपाशी बसली. मग उलटी झाली. मग तिला बोलता येईना. रिक्षा, शिळफाट्याची वाट, कल्याणचं हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झालाय. आई पन्नाशीलाही पोचली नाही. तिच्या डोकेदुखीला आम्ही सगळे पित्तच म्हणत आलो होतो. ती स्वतःसुद्धा.

मला आता अठ्ठेचाळिसावं लागलंय.

म्हणून मी डॉक्टरकडे जात नव्हते. तपासलं की काहीतरी निघतंच, असं आमच्याकडे म्हणतात आणि मला ते शंभर टक्के पटायचं. तपासेपर्यंत ते पित्त होतं. तपासल्यावर ते काय होईल, याचा मी विचारही करत नव्हते, म्हणजे दिवसभर तोच विचार करत होते. भाजी चिरताना जिभेनं हळूच काहीतरी पुटपुटून बघायचे, बोबडं येतंय का. आरशात हसून बघायचे, तोंड वाकडं होतंय का. आणि रोज सकाळी कामाला बसायच्या आधी सुई ओवायचे. कामासाठी नाही, स्वतःसाठी. सगळ्यात बारीक सुई घ्यायची, दोऱ्याचं टोक ओलं करायचं आणि एका दमात नेढ्यातून घालायचं. गेलं, तर आजचा दिवस डोक्यात काही फुटणार नाही. हा नियम मी कुठून काढला ते मला माहीत नाही. पण दोरा गेला की खरंच हायसं वाटायचं. नाही गेला, तर चष्मा पुसायचा, प्रकाश कमी आहे म्हणायचं आणि गुपचूप दुसरी सुई घ्यायची.

दिवाळीनंतर काही दिवसांनी सकाळी उठले, चहा ठेवला आणि मानेवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाले, "मान आज लाकूड झालीय."

नवरा दाढी करत होता. तो "हं" म्हणाला. मी मात्र ओट्याशीच थिजले. आईचंच वाक्य, तिच्याच वयात, माझ्या तोंडून. चहा उतू गेला तरी मला गॅस बंद करायचं सुचेना. मुलीनं आतून येऊन तो बंद केला. ती ठाण्याला नोकरी करते आणि आजीची ही गोष्ट तिनं माझ्याकडूनच शंभरदा ऐकली आहे. माझ्याकडे बघून तिनं ओळखलं.

"आई, आज सुट्टी टाकतेय मी. आपण डॉक्टरकडे चाललोय."

"अगं, साड्या द्यायच्यात आज."

"साड्या गेल्या खड्ड्यात. चप्पल घाल."

ठाण्याची मेंदूची डॉक्टर वयानं माझ्या मुलीपेक्षा जरा मोठी असेल. मला तिनं आल्या आल्या "काकू" म्हटलं, ते मला जरा लागलं. पण तिचे हात सावकाश होते. बीपी बघितलं. डोळ्यांत लाइट टाकली. बोट नाकाला लावायला लावलं, एका रेषेत चालवलं, दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगितले. मानेच्या मागे दाबलं तेव्हा मी कळवळले. मग तिनं विचारलं, "काकू, रोजचं काही औषध चालू आहे?"

"नाही हो," मी म्हटलं. त्यात थोडा अभिमानही होता. माझ्या वयाच्या सगळ्या बायकांचं काही ना काही चालू आहे.

"काहीच नाही?"

"एकही नाही."

तिनं मान हलवली आणि समोरचा कागद माझ्याकडे सरकवला. "हे वाचता येतं का बघा." मी मुलीला म्हटलं, पर्समधून चष्मा काढ. मुलीनं पर्स उपसली. चष्म्याआधी बाहेर आल्या त्या गोळ्यांच्या पट्ट्या. मेडिकलवाला कात्रीनं कापून देतो तसे तुकडे, कुठे दोन गोळ्यांचा, कुठे तीन, काही रिकामे, काही अर्धे, एका सेफ्टी पिनेत एकत्र ओवून ठेवलेले. ते टेबलावर सांडले. डॉक्टरनं एक तुकडा उचलून पाहिला.

"हे काय आहे?"

"हे होय? ती साधी गोळी आहे."

"केव्हा घेता?"

"दुखलं की."

"रोज दुखतं म्हणालात ना."

मी मुलीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे. मी म्हटलं, रोज एक. जास्त काम असलं की दुपारी आणखी एक. अलीकडे सकाळी चहाबरोबरच घेते, दुखायच्या आधीच, म्हणजे दिवस जातो. डॉक्टर माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पेन खाली ठेवलं.

"काकू, मी आत्ता विचारलं, औषध चालू आहे का."

"पण हे औषध कुठे?" मी खरंच चक्रावून विचारलं. औषध म्हणजे बीपीचं, शुगरचं, जे डॉक्टर लिहून देतात आणि जन्मभर सुटत नाही. ही तर वाण्याकडेही मिळते. आमच्या भिशीतल्या कुठल्याही बाईची पर्स उघडा, रुमालाखाली हा तुकडा असणारच. कुणाचं डोकं दुखलं की चौघी चार बाजूंनी पुढे करतात. आलं-लिंबाच्या गोळीसारखी. लहानपणापासून मी तिला औषध म्हणताना कुणाला ऐकलंच नव्हतं.

मग तिनं समजावलं. साडीवर तासन् तास मान वाकवून मानेचे स्नायू आखडलेत, दुखणं तिथून सुरू झालं असणार. चष्म्याचा नंबरही तपासायला हवा. काळजी आहे, झोप नाही, त्यानंही स्नायू आवळलेलेच राहतात. पण रोजच्या रोज गोळी घेत गेलं की काही महिन्यांनी गोळीच डोकेदुखी करायला लागते. तिचा असर उतरला की दुखतं, दुखलं की पुन्हा गोळी. एक कारण नसतं काकू, असं म्हणाली, चारपाच असतात आणि ती एकमेकांना धरून बसतात. मला माझ्या गिऱ्हाइकांची आठवण झाली. त्यातल्या दोघीतिघी थोड्याथोड्या बरोबर होत्या की.

मी आईचं सांगितलं. मला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं, लाकूड झालेल्या मानेसकट. डॉक्टर जराही घाई न करता ऐकत राहिली.

"त्यांचं बीपी कधी मोजलं होतं?"

"नाही."

"मग त्यांचं नक्की काय होतं ते मला आज सांगता येणार नाही. तुमचं बीपी ठीक आहे, तपासणीतही काही वावगं नाही. पण आईचा इतिहास आहे, तर एमआरआय करून घेऊ, म्हणजे तुम्हालाही झोप लागेल."

एमआरआय झाला. त्या नळीत पडल्या पडल्या मी आईला इतक्या हाका मारल्या, की बाहेर ऐकू गेल्या असतील. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. नवऱ्यानं पेढे आणले. त्याचे डोळे पाणावले होते आणि तो म्हणत होता, "बघ, डोक्यात काही नाही हे मी लग्नापासून सांगत होतो." मी दोन दिवस अगदी हलकी होते.

मग गोळी बंद झाली. डॉक्टरनं दुसरं औषध दिलं होतं, ठरवून दिलेलं, तेवढंच. आणि बजावलं होतं, की सुरुवातीचे दिवस जड जातील, डोकं आधीपेक्षा जास्त दुखेल, मळमळेल. वाढलं म्हणून घाबरू नका, ते होणारच आहे. कधी धावत यायचं तेही सांगितलं होतं. एकदम, कधी नव्हे एवढी भयंकर कळ आली, उलट्या थांबेनात, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, दोन-दोन दिसायला लागलं, ताप येऊन मान वाकेनाशी झाली, तर एक मिनिट थांबायचं नाही. मुलीनं ते सगळं पाठ केलं.

वाढलं म्हणून घाबरू नका. हे वाक्य मी मशीनवर बसून किती वेळा म्हटलं असेल. डोकं खरोखर वाढलं. हळूहळू, पण असं वाढलं, की पडद्यातून येणारा उजेडही सोसेना. रिपोर्ट कपाटात होता, पण तो मागच्या आठवड्याचा होता आणि डोकं आजचं होतं. आईचंही असंच वाढत गेलं असेल का? तिलाही कुणी सांगितलं असतं घाबरू नकोस, तर ती घाबरली नसती का? गोळी स्वयंपाकघरात होती. मी टाकून दिली नव्हती. आईसारखीच मोहरीच्या डब्याशेजारी ठेवली होती, आणि एका दुपारी माझा हात तिथपर्यंत दोनदा जाऊन आला.

मुलगी घरूनच काम करत होती. ती लॅपटॉप मिटून माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, उलटी होतेय?"

"नाही. मळमळतंय."

"माझ्याकडे बघ. दोन दिसतात का?"

"एकच दिसतेस. पुरे आहेस एक."

"हसू नको. दोन्ही हात वर कर. बोल काहीतरी. आजचा वार सांग."

मी हात वर केले. वार सांगितला. तिनं माझी हनुवटी हळूच छातीकडे टेकवून पाहिली. मान आखडलेलीच होती, पण वाकत होती. तिनं तळहातानं कपाळ पाहिलं, ताप नव्हता. ती हे सगळं अगदी नीट करत होती, एकही प्रश्न न चुकता, आणि मला एकदम रडूच फुटलं. आईला यातलं एकही कुणी विचारलं नव्हतं. आम्ही तिला लिंबूपाणी दिलं होतं.

"काय झालं? कुठे दुखतंय?" मुलगी ओरडलीच.

"कुठे नाही गं. आजीची आठवण आली." मी डोळे पुसले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, म्हणून तिला बरं वाटावं असं काहीतरी करावं असं मला वाटलं. "थांब, तुला दाखवते. मला काही झालेलं नाही." मी पिनकुशनमधून सगळ्यात बारीक सुई काढली आणि माझा सकाळचा नियम तिला सांगितला. कुणालाही सांगितला नव्हता. दोरा गेला की डोकं शाबूत.

"हे तू रोज करतेस?" ती म्हणाली.

"रोज."

दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि घातलं. गेलं नाही. पुन्हा घातलं. टोक नेढ्याला लागून वाकलं. मुलगी बघत होती. तिसऱ्या वेळी तिनं माझ्या हातातून सुई काढून घेतली, "दे इकडे, डोळ्यांवर ताण येतोय तुला," असं म्हणत खिडकीकडे वळली आणि स्वतः ओवायला लागली. चोवीस वर्षांची पोर, चष्मा नाही, डोकं दुखत नाही. तिचाही दोरा जाईना. एकदा, दोनदा, मग कितीतरी वेळा. मी तिच्या हाताकडे पाहिलं. तो माझ्या हातापेक्षा जास्त थरथरत होता.

तेव्हा मला कळलं, की सुई माझ्या डोक्याचं काहीच सांगत नव्हती, आणि आता ती भीती तिच्या हातात गेली होती.

मी तिला जवळ ओढलं. सुई काढून घेतली आणि पिनकुशनला खोचून टाकली, दोऱ्याशिवायच. डोकं ठणकत होतंच. थोड्या वेळानं मी तिला सांगितलं, की मोहरीच्या डब्याशेजारची पट्टी उचल आणि कचऱ्यात टाक, आणि हो, तुझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे तीसुद्धा, डबा ठेवताना पाहिलीय मी.

ती चमकून माझ्याकडे बघायला लागली. मग उठली आणि बॅग घेऊन आली.